शेंदराखालचा माणूस

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते मला नक्की सांगता येणार नाही. आणि जे नक्की माहीत नाही ते नक्की म्हणून सांगू नये, हे मी याच गोष्टीतून शिकले.

डोंगराच्या कुशीत तटबंदीचे एक गाव होते. गावाला एकच वेस होती आणि वेशीला एकच दरवाजा. दरवाजाच्या आत, डाव्या हाताला, माणसाच्या उंचीची एक वीराची शिळा उभी होती. तिच्यावरचे चंद्र-सूर्य तेवढे दिसत. बाकी सगळी शिळा शेंदराखाली गेली होती. दर वर्षी जत्रेच्या सकाळी गावचा किल्लेदार आपल्या हाताने तिला तेल-शेंदराचा एक लेप चढवी. लेप वर्षाला एकच द्यायचा, कमी नाही, जास्त नाही, अशी रीत होती. तो मान किल्लेदाराच्या घराण्याचा, कारण शिळा त्याच्या पणज्याची, असे सगळे म्हणत. शंभर वर्षांपूर्वी शत्रू वेशीतून आत शिरला, तेव्हा तो पणजा तिथेच लढता लढता पडला, असेही सगळे म्हणत.

संध्याकाळी त्याच शिळेसमोर शाहीर पोवाडा गाई. पोवाड्यात एक ओळ अशी होती:

नगारखान्यावर नौबत झडली, वैरी आला दारी जी
पखाल घेऊन गेला पखाली, अडसर सारला चोरी जी

ही ओळ आली, की गर्दी मान वळवी आणि कडेला बसलेल्या एका घराच्या दिशेने थुंके. ते घर पखाल्यांचे. नदीचे पाणी कातडी पखालीत भरून, बैलावर लादून घरोघर पोचवणे हे त्यांचे पिढीजात काम. थुंकून थुंकून कोरड पडलेल्या घशांना दुसऱ्या दिवशी त्यांनीच आणलेले पाणी लागे, पण याचे कोणाला काही वाटत नसे. वर्षानुवर्षे केलेल्या गोष्टीचे माणसाला काही वाटत नाही.

त्या वर्षी पखाल्याच्या घरी नवी सून आली. नदीपलीकडच्या गावची. लग्नाला महिनाही झाला नव्हता. जत्रेत तिने तो पोवाडा पहिल्यांदा ऐकला आणि आपल्या पायांपाशी पडलेली थुंकीही पाहिली. नव्या सुनेला कोणी काही विचारत नाही. त्यामुळे तिने बघायचे काम धरले होते, आणि ते ती मन लावून करी.

वेशीबाहेर ओढ्यावर जाड फळ्यांचा एक साकव होता. बायका त्यावर बसून भांडी घाशीत. सुनेने एकदा नणंदेला विचारले, "वन्सं, हा साकव दारासारखा दिसतो हो. आणि इकडचा कोपरा जळलाय कशानं?"

"जुन्या वेशीचं दार आहे म्हणतात. जळलं असेल कशानं तरी." नणंद हसली. "अगं, सगळा गाव याच्यावरून जातो. खाली बघायला वेळ कुणाला आहे?"

सुनेला वेळ होता. तिने बघून ठेवले.

त्यानंतर आठ दिवसांनी, एका दुपारी, खिंडीत धूळ दिसली. शत्रू येत होता. शंभर वर्षांपूर्वी आला होता त्याच वाटेने. त्याचे पुढचे स्वार माळावर पसरलेसुद्धा. माणसे गुरे हाकत वेशीच्या आत धावली. गावातच राहणाऱ्या राजाने वेशीजवळच्या चौथऱ्यावर दरबार भरवला.

किल्लेदार पुढे झाला. "महाराज, तट मजबूत आहे, धान्य भरपूर आहे. भीती बाहेरच्यांची नाही, आतल्यांची आहे. मागं वेस कुणी उघडली ते लहान पोरांनाही पाठ आहे. तेच रक्त आजही आत नांदतंय. सूर्यास्ताला दरवाजा बंद व्हायचा आहे, त्याआधी पखाल्यांचं घर बाहेर काढा."

गर्दीतून होकार उठला. भ्यालेल्या माणसांना करायला काहीतरी हवे असते, आणि तट बांधण्यापेक्षा माणसे बाहेर काढणे सोपे.

पखाल्याच्या घरात अकरा माणसे होती. त्यांत एक तान्हे मूल होते, आणि एक आजी, जिला चालता येत नव्हते. बाहेर माळावर शत्रूचे स्वार. दरवाजाबाहेर काढणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

राजाने मावळतीकडे पाहिले. मग म्हणाला, "सूर्यास्ताच्या आत बाहेर काढा."

पखाल्याच्या घराला दोन पिढ्या न बोलण्याची सवय होती. त्याने वळून बायकोला एवढेच सांगितले, "आईला पाठीवर मी घेईन. तू बाळाकडे बघ."

तेव्हा घोळक्यातून आवाज आला. फार मोठा नव्हता.

"मामंजी, थांबा. महाराज, एक विचारू का?"

सगळ्यांनी पाहिले. नवी सून होती. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तो सावरायचे तिला भान नव्हते.

"ज्या गोष्टीसाठी आम्हाला मरायला पाठवताय, ती पाहिली कुणी?"

किल्लेदार हसला. "अगं पोरी, शंभर वर्षांमागची गोष्ट. पाहिलेला माणूस कुठून आणू? पोवाड्यात आहे. बखरीत आहे. गावाला ठाऊक आहे. अजून काय पाहिजे?"

"मग बखर बघू या," ती म्हणाली. "सूर्यास्ताला वेळ आहे अजून."

राजाने बखरनिसाला बोलावले. गावाचा इतिहास लिहिणारा आणि जपणारा हा म्हातारा, डोळ्यांनी अधू. काखेत कापडात बांधलेली बखर घेऊन तो हळूहळू आला. चौथऱ्यावर घंगाळातल्या पाण्यात तळाला भोक असलेले घटिकापात्र तरंगत होते. ते बुडाले, की एक घटका सरे आणि तास, म्हणजे काशाची थाळी, वाजे. सूर्यास्ताला सहा घटका उरल्या होत्या.

"वाचा," राजा म्हणाला.

बखरनिसाने पान डोळ्यांशी धरून वाचले. बखरीत पोवाड्यातलीच हकीकत होती. पखाल घेऊन पखाली वेशीशी गेला, अडसर सारला, शत्रू आत आला. किल्लेदाराने गर्दीकडे बघून हात पसरले. झाले ना समाधान?

पण म्हाताऱ्याने बखर मिटली नाही. त्याचे बोट शेवटच्या पानावर थांबले होते.

"महाराज, ही बखर माझ्या वडिलांनी लिहिली. तुमच्या वडिलांच्या राज्यात. आमच्या घराची सगळी अब्रू या पोथीत आहे. पण विचारलंत, तर शेवटची ओळही वाचायला हवी." त्याने घसा साफ केला. "'वेशीचा वृत्तांत शाहिराचे मुखें ऐकिला तैसा लिहिला.'"

कोणाला काही कळले नाही.

"म्हणजे असं," म्हातारा म्हणाला, "की पोवाडा आणि बखर हे साक्षीदार दोन नाहीत. साक्षीदार एकच आहे, तो दोन ठिकाणी उभा राहिलाय."

तास वाजला. पाच घटका.

"एक का असेना!" किल्लेदार म्हणाला. "पोवाडा काय खोटा?"

"ते विचारू या," बखरनीस म्हणाला. "शाहीर, ती ओळ म्हणा."

शाहिराला गाण्यासारखा प्रसंग वाटत नव्हता, पण त्याने म्हटली. "नगारखान्यावर नौबत झडली..."

राजाने एकदम हात वर केला. त्याची नजर वेशीवरच्या नगारखान्याकडे गेली होती.

"हा नगारखाना माझ्या वडिलांनी बांधला," तो सावकाश म्हणाला. "पाया भरताना मी सात वर्षांचा होतो. लढाईच्या वेळी इथं नगारखाना होता कुठं?"

शाहिराने खाली बघितले.

"पोवाड्याची शेवटची ओळही म्हणा," सून म्हणाली. जत्रेत तिने ती नीट ऐकली होती.

शाहीर पुटपुटला. "किल्लेदारानं कडं घातलं, शाहीर त्याचे गुण गाई जी..."

"कुठल्या किल्लेदारानं?" बखरनिसाने विचारले.

"यांच्या वडिलांनी. माझ्या आजाला सोन्याचं कडं दिलं होतं. आमच्या घरात आहे अजून."

किल्लेदाराचा चेहरा लाल झाला, पण तो मूर्ख नव्हता. "बरं! पोवाडा नंतरचा. करवून घेतला माझ्या वडिलांनी. म्हणून गोष्ट खोटी ठरते का? नंतर सांगितलेलं खरं असू शकत नाही?"

"असू शकतं," बखरनीस म्हणाला. "किल्लेदार बरोबर बोलतात."

सुनेने चमकून त्याच्याकडे पाहिले. आपला वाटत होता तो म्हातारा एकाएकी परका झाला.

"आजोबा, मग आमच्या घरी काय सांगतात तेही ऐका. सासूबाई सांगतात, की मूळ पुरुष भाजून मेला, वेशीची आग विझवताना."

"ते मी आधी ऐकलंय, मुली. पण ते तुमच्या घरच्यांनी तुमच्या घराबद्दल सांगितलेलं आहे. किल्लेदारांचं बाजूला ठेवलं, तसं हेही बाजूला ठेवायला लागेल."

"बाजूला ठेवायला आमच्याकडं वेळ कुठंय?" तिचा आवाज चढला. माळावरच्या घोड्यांचे खिंकाळणे आता वेशीपर्यंत ऐकू येत होते.

"म्हणूनच घाईनं चुकायचं नाही. कुणाच्या फायद्याचं नाही असं, त्याच दिवसाचं काही उरलंय का? कुणी सांगितलेलं नको. नुसतंच उरलेलं."

तास वाजला. चार घटका.

सुनेने डोळे मिटले. उघडले, तेव्हा ती वेशीकडे बघत होती.

"दार," ती म्हणाली. "ओढ्यावरचं दार उरलंय."

राजा स्वतः उठला. वीस शिपाई ढाली धरून उभे राहिले आणि बाकीच्यांनी साकव उपसून वेशीच्या आत ओढला. चिखल धुतला. मग सगळ्यांनी, ज्यांचे आयुष्य त्यावरून येण्या-जाण्यात गेले होते त्यांनी, तो पहिल्यांदा पाहिला.

दाराच्या बाहेरच्या अंगावर कुऱ्हाडींचे घाव होते, बोटभर खोल. ज्या खुंटावर दार फिरते, त्या बाजूचा खालचा कोपरा जळून कोळसा झाला होता. आतल्या अंगाला अडसर अडकवायच्या लोखंडी कड्या होत्या. त्या दोन्ही आतल्या बाजूला वाकल्या होत्या.

बखरनिसाला नीट दिसत नव्हते. त्याने बोटांनी चाचपले. "अडसर काढलेला असता, तर कड्या अशा वाकल्या नसत्या. दार फुटलं तेव्हा अडसर जागेवर होता. महाराज, ही वेस कुणी उघडली नाही. कोपरा जाळून, खुंट मोकळा करून, बाहेरून पाडली."

गर्दीत कुजबुज झाली. पण किल्लेदाराने मान हलवली. "आणि पखाली? तो वेशीशी कशाला गेला होता? पोवाड्याला इतकं तरी कुणीतरी सांगितलंच असेल!"

"हेही बरोबर," बखरनीस म्हणाला. "पखाल घेऊन माणूस वेशीशी गेला, एवढी आठवण खरी असावी. कशाला गेला, ते दार सांगत नाही."

तीन घटका. दोन शिपाई पखाल्याच्या आईजवळ जाऊन उभे राहिले. हुकूम अजून फिरलेला नव्हता.

बखरनीस शिळेकडे वळला. "त्याच वेळचं आणखी एक उरलंय इथं. दिसतं सगळ्यांना, पाहिलं कुणीच नाही."

किल्लेदाराची तलवार म्यानाबाहेर आली. "शिळेला हात लावाल तर हात राहणार नाही! घराण्याचा देव आहे तो. शंभर वर्षांचं कवच आहे."

देवाचे नाव निघताच लोक मागे सरले. राजासुद्धा थबकला. लढाई तोंडावर आलेली, अशा वेळी वीराचा कोप कोण ओढवून घेणार?

"शिळा तुमच्या पणज्यांची असेल," बखरनीस म्हणाला, "तर त्यांचंच दर्शन होईल. तुम्ही का भिता? आणि आत दुसरं काही निघालं नाही, तर या अकरांबरोबर बारावा मी बाहेर जाईन. महाराज, एवढं लिहून घ्या."

राजाने किल्लेदाराकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे. "तलवार म्यान करा," तो म्हणाला. "पण शेंदूर उतरवणार कोण?"

कोणीही पुढे आले नाही.

"शिळेला स्नान घालायला जत्रेच्या दिवशी पाणी आमच्याच घरचं लागतं," सून म्हणाली. "आज जरा कढत आणते, एवढंच."

हंडे तापले. तिने हाताला फडकी गुंडाळली आणि पहिला हंडा चंद्र-सूर्याखाली ओतला. काही झाले नाही. दुसरा ओतला. लाल ओघळ तिच्या पायांवरून गेले. तास वाजला, दोन घटका. तिसऱ्या हंड्याला शेंदरात एक बारीक चीर पडली. तिने चिरेत पळीचे टोक घातले आणि जोर लावला. भाकरीएवढा एक पापुद्रा सुटून खाली पडला. त्यामागोमाग अख्खे कवच निखळले आणि धाडकन जमिनीवर आले. किंचाळी उठली. कोणीतरी जमिनीवर लोटांगण घातले.

मग एकेक मान वर झाली.

शिळेवर माणूस होता. त्याच्या हातात तलवार नव्हती. पाठीवर फुगलेली पखाल होती, आणि दोन्ही हातांनी तिचे तोंड त्याने पुढे धरले होते. पुढे दार होते. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ज्वाळा होत्या. वरच्या कप्प्यात दोन अप्सरा त्याच माणसाला हात धरून स्वर्गात नेत होत्या. पखाल तेव्हाही त्याच्या पाठीवर होती.

पखाली पुढे आला. त्याने शिळेला हात लावला नाही. तशी सवयच नव्हती. "आईला इकडं आणा," तो म्हणाला. "तिला दिसू द्या."

किल्लेदार दोन पावले मागे सरला. "ही... ही कुणी नंतर बसवली असेल."

बखरनिसाने कवचाचा तुकडा उचलला. कडेला कांद्यासारखे पदर दिसत होते. "वर्षाला एक लेप, ही रीत तुमच्याच घराण्याची. मुली, मला इतकं बारीक दिसत नाही. तू मोज."

तिने नखाने एकेक पदर मोजला. पन्नास झाले. साठ झाले. ऐंशी झाले. पुढचे एकमेकांत मिसळले होते.

"ऐंशीच्या वर आहेत. पुढचे कळत नाहीत," ती म्हणाली. कळत नाहीत ते तिने मोजले नाहीत.

"पुरे," बखरनीस म्हणाला. "नगारखान्याला, म्हणून पोवाड्यालाही, पन्नासच्या वर वर्षं नाहीत. शिळा बसली तेव्हा लढाई पाहिलेली माणसं गावात जिवंत होती. ती खोटी असती, तर त्यांनी ती उभी राहू दिली नसती. दार वेगळं, शिळा वेगळी. एकमेकांना न विचारता दोघं एकच सांगतात."

राजा काही बोलायच्या आत सून वेशीकडे धावली. ती आताच्या दरवाजासमोर उभी राहिली आणि त्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघू लागली. सागाच्या फळ्या, लाकडी खुंट. अगदी जुन्या दारासारखा.

"महाराज," ती म्हणाली, "हे दार कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी, नगारखान्याबरोबर. जुनं होतं तसंच करवलं. दारात खोट नव्हती, माणसात होती, म्हणून..."

राजाचे वाक्य तिथेच तुटले. पन्नास वर्षे गावाने एका घरावर डोळा ठेवला होता. त्या कोपऱ्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. आणि उद्या शत्रू येणार होता, तो मागच्या वेळी कुठे आग लावली हे विसरलेला नव्हता.

शेवटचा तास वाजला. दरवाजा बंद झाला. अकराही माणसे आत होती.

पहाटेपर्यंत लोहारांनी कोपऱ्याला लोखंडी पत्रे ठोकले, गवंड्यांनी खुंटामागे दगडी भिंत उचलली. किल्लेदार रात्रभर दगड वाहत होता. कोणी त्याला सांगितले नव्हते. सकाळी शत्रू आला आणि सरळ त्याच कोपऱ्याशी लाकडे रचून त्याने आग लावली. आतून, वरून, पखाली रांजणांत साठवलेले पाणी ओतत राहिले. त्या दिवशी घरोघरचे पाणी राहिले, पण कोणी कुरकुर केली नाही. दार काळे पडले, पण हलले नाही. पाचव्या दिवशी खिंडीत पुन्हा धूळ दिसली. या वेळी ती परत चालली होती.

पुढे लोक म्हणाले, तो पोवाडा जाळून टाका. बखरनीस म्हणाला, "जाळू नका. तोही ठेवा. फक्त कुणी, केव्हा आणि कशासाठी रचला, ते त्याच्यावर लिहा." बखरीतली वडिलांची ओळही त्याने खोडली नाही. तिच्या खाली आपली ओळ लिहिली, आणि ती कशावरून लिहिली तेही लिहिले. वीराचे नाव मात्र त्याने लिहिले नाही. ते कुठेच सापडले नव्हते.

पुढच्या जत्रेत मान कोणाचा, यावर वाद झाला. शेवटी किल्लेदार स्वतः रिकामी घागर घेऊन पखाल्याच्या दारात गेला. सुनेने ती भरली. त्या दिवसापासून शिळेला शेंदूर लागत नाही. नुसते पाणी घालतात, म्हणजे खालचा माणूस दिसत राहतो.

तात्पर्य: जुनी गोष्ट ऐकावी जरूर, पण तिच्यावरून कोणाचा निवाडा करण्याआधी ती कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितली हे विचारावे, आणि तिच्यावरचा शेंदूर उतरवून पाहावा.